करार पाच लाखांचा, हातात दोन लाख: एका मराठी पटकथालेखिकेचं प्रकरण

मालिका आणि चित्रपटांत काम करणाऱ्या लेखक-तंत्रज्ञांचे हिशोब आणि विवरणपत्रं मी पाहतो. त्यातलंच हे एक प्रकरण, संबंधित लेखिकेच्या परवानगीने मांडतो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. रकमा आणि तारखांचं एकमेकींशी नातं मात्र तसंच ठेवलं आहे, कारण या प्रकरणाचा सगळा जीव तारखांमध्ये आहे. लेखकाला मानधन किती मिळतं याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. ते कधी मिळतं आणि कोणत्या घटनेला बांधलेलं असतं, हे करारावर सही करताना फार कमी जण वाचतात.

पार्श्वभूमी

लेखिका पुण्याची. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकासाठी एकांकिका लिहिल्या, त्यातून नाटकवाल्यांची ओळख झाली. पुढे एका आयटी कंपनीत तांत्रिक लेखनाची नोकरी धरली. २०१९ मध्ये वय तेहतीस, हातात येणारा पगार महिना ५८,००० रुपये. नवरा शाळेत शिक्षक, एक मुलगी, घराचं कर्ज चालू. नोकरी सांभाळून ती दोन वर्षं एका ज्येष्ठ लेखकासाठी मालिकेचे संवाद लिहून देत होती. पैसे रोख मिळायचे, श्रेयनामावलीत नाव नसायचं. या धंद्यात शिरण्याचा हा नेहमीचा रस्ता आहे. त्यात हात बसतो आणि वेग येतो, पण दाखवायला काहीच हाती राहत नाही.

एप्रिल २०१९ मध्ये दोन कामं एकदमच चालून आली. पहिलं, एका नव्या दैनंदिन मालिकेचे संवाद, स्वतःच्या नावाने. भागाला ४,५०० रुपये आणि आठवड्याला सहा भाग, म्हणजे महिन्याला साधारण २६ भाग आणि एक लाख सतरा हजारांचं बिल. दुसरं, एका मराठी चित्रपटाची पटकथा आणि संवाद. कथा तिचीच होती. मानधन पाच लाख.

दोन्ही आकडे तिच्या पगारापुढे मोठे दिसत होते. ३१ मे रोजी तिने नोकरी सोडली.

अडचण नेमकी कुठे होती

आधी मालिकेचा करार बघू. बिल महिनाअखेरीस लावायचं, तेही लिहून दिलेल्या भागांचं नाही, प्रक्षेपित झालेल्या भागांचं. बिलानंतर नव्वद दिवसांनी पैसे. लिखाण जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू झालं, कारण प्रक्षेपणाआधी भागांची बँक, म्हणजे आधीच तयार भागांचा साठा, लागते. मालिका १५ जुलैला पडद्यावर आली. जुलैचे १५ भाग, बिल ६७,५०० रुपये, त्यातून दहा टक्के टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापलेला आयकर) जाऊन ६०,७५०. ही पहिली रक्कम खात्यात आली ८ नोव्हेंबरला, दिवाळी होऊन गेल्यावर. म्हणजे काम सुरू झाल्यापासून पाच महिन्यांनी.

या विलंबाचं कारण समजून घेतलं पाहिजे. वाहिनी निर्मितीसंस्थेला पैसे उशिरा देते. निर्मितीसंस्थेला रोजच्या चित्रीकरणाचा खर्च रोखीने भागवावा लागतो: स्टुडिओचं भाडं, लाइट, कलाकार, जेवण. ज्यांना थांबवलं तर सेट बंद पडेल त्यांना आधी पैसे मिळतात. लेखक सेटवर नसतो, आणि त्याचे पुढचे पंधरा भाग आधीच हातात असतात. त्यामुळे यादीत तो खालीच राहतो.

चित्रपटाच्या कराराचा साचा असा होता: सहीच्या वेळी २५,०००, पहिल्या ड्राफ्टला ७५,०००, अंतिम ड्राफ्ट लॉक (म्हणजे पक्का) झाल्यावर एक लाख, चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी दोन लाख, डबिंग पूर्ण झाल्यावर उरलेले एक लाख. नीट पाहिलं तर लेखिकेचं काम संपतं तिसऱ्या टप्प्याला. तोवर चाळीस टक्केच मिळतात. उरलेले साठ टक्के दोन अशा घटनांना बांधलेले होते ज्यांच्यावर तिचा कसलाही ताबा नव्हता. निर्मात्याला भांडवल मिळालं नाही, नटाच्या तारखा हुकल्या, प्रस्तुतकर्ता (निर्मात्यामागे पैशाने उभा राहणारा) मागे हटला, तर तिचं काम पूर्ण होऊनही तीन लाख लटकणार.

याच कराराच्या चौथ्या पानावर आणखी एक वाक्य होतं. पटकथेचे सर्व हक्क सहीच्या दिवसापासून, कायमचे आणि जगभरासाठी निर्मात्याकडे जातील आणि कॉपीराइट कायद्याचं कलम १९(४) लागू होणार नाही. १९५७ च्या कायद्यातलं हे कलम लेखकाच्या बाजूचं आहे. हक्क घेणाऱ्याने एक वर्षात ते वापरले नाहीत तर हस्तांतर संपुष्टात येतं, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर. 'वेगळं काही' त्या एका ओळीत ठरवून टाकलेलं होतं. ही ओळ नेहमीच्या छापील मसुद्यांत सर्रास असते आणि लेखकांना ती कायद्याची पोपटपंची वाटते.

नोकरी सोडताना समोर असलेले पर्याय

तीन पर्याय होते. पहिला, नोकरी ठेवायची आणि रात्री फक्त चित्रपट लिहायचा. दुसरा, नोकरी सोडून फक्त मालिका. तिसरा, नोकरी सोडून दोन्ही.

'नोकरी सोडू नका' हा सल्ला सगळेच देतात. मला तो सरसकट पटत नाही. दैनंदिन मालिका नोकरीसोबत होत नाही, हे साधं वास्तव आहे. रोज एक भाग लिहायचा. गुरुवारी टीआरपी आला की कथेचा ट्रॅक बदलतो, आणि आधी लिहून ठेवलेले चार भाग बाद होतात. तिने मला एका रात्रीचा फोन दाखवला होता. ११ वाजून ४० मिनिटांनी कार्यकारी निर्मात्याचा निरोप: "ताई, आजींची तब्येत बिघडलीय, उद्या येणार नाहीत. सकाळी सातचा कॉल आहे. त्यांचे तीन सीन सुनेवर फिरवून द्याल का?" पहाटे सव्वातीनला तिने ते सीन पाठवले. असं महिन्यातून एकदाच होत होतं असं नाही.

मग पहिला पर्याय? तो सर्वांत सुरक्षित होता. पण चित्रपटाच्या करारातून पुढची दारं उघडतील याची काही खात्री नव्हती. रोज नावानिशी दिसणाऱ्या मालिकेतून ती नक्की उघडणार होती. तिचा हा हिशोब बरोबर होता आणि पुढे तो खराही ठरला. तिने दर पाहिला, श्रेय पाहिलं आणि तिसरा पर्याय निवडला. पैसे येण्याचा क्रम मात्र पाहिला नाही.

१ जूनला तिच्या खात्यात, चित्रपटाच्या सहीची रक्कम धरून, २,८२,५०० रुपये होते. बोरिवलीत दोन मुलींसोबत भाड्याची जागा घेतली, तिच्या वाट्याचं डिपॉझिट ५०,०००. पुण्याच्या घरखर्चातला तिचा वाटा, मुंबईचं भाडं, प्रवास आणि जेवण मिळून महिन्याला ४८,०००. सप्टेंबरअखेर खात्यात ४०,५०० उरले होते. ऑक्टोबरमध्ये पहिल्या ड्राफ्टचे पैसे आले नसते तर मुंबईची जागा सोडावी लागली असती. कागदावर तेव्हा तिची मालिकेची कमाई तीन लाखांच्या वर गेली होती.

चांगले चार महिने

नोव्हेंबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत बिलं वेळेवर येत गेली. जुलै ते नोव्हेंबरच्या १२० भागांचे मिळून ४,८६,००० रुपये हातात आले. फेब्रुवारीत पटकथा लॉक झाली आणि तिसरा हप्ताही मिळाला. चित्रीकरण मे महिन्यात ठरलं.

मधल्या काळात डिसेंबरमध्येच मालिका बंद होणार असल्याचं कळलं होतं. आकडे पडले होते, वेळ एकदा बदलून पाहिली होती. २५ जानेवारी २०२० ला शेवटचा भाग गेला. एकूण १६८ भाग.

मालिका संपली तरी पैसे येत होते, आणि हा काळ फार फसवा असतो. नव्वद दिवसांच्या उशिरामुळे काम थांबल्यावरही तीन महिने खातं भरतं राहतं, आणि उत्पन्न चालू आहे असंच वाटत राहतं. फेब्रुवारीत तिने घरकर्जाच्या मुद्दलापोटी दीड लाख एकरकमी भरले. पगारदार माणसासाठी हा शहाणपणाचा निर्णय ठरला असता. पुढचं काम हातात नसलेल्या लेखिकेसाठी ती रोकड बँकेला परत दिल्यासारखी होती, जी अडचणीच्या वेळी पुन्हा मागता येत नाही. नव्याने कर्ज मागावं तर स्वयंरोजगारवाल्यांना बँक दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं विचारते, आणि तिच्याकडे त्या नात्याने भरलेलं एकही नव्हतं.

१९ मार्चपासून चित्रीकरणं थांबली, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी. डिसेंबरचं बिल मार्चअखेर येणार होतं, जानेवारीचं एप्रिलअखेर. दोन्ही मिळून ४८ भाग, २,१६,००० रुपये. टीडीएस वजा जाता १,९४,४००. आलं काहीच नाही. चित्रपटाचं मे महिन्यातलं चित्रीकरण रद्द झालं, त्यामुळे तिथले तीन लाखही थांबले.

जून २०२०: दुसरी निर्णायक वेळ

तिचे कागद माझ्याकडे आले ते याच महिन्यात. मार्च २०२० ला संपलेल्या वर्षात तिच्या नावावर लेखनाचे ९,५६,००० रुपये लागले होते. खात्यात आले होते ६,६६,०००. फरकातले ९५,६०० टीडीएसमध्ये अडकलेले, बाकीचे १,९४,४०० निर्मितीसंस्थेकडे.

मी पहिल्यांदा तिचा २६एएस उघडला. हा आयकर खात्याकडचा तक्ता, कोणी आपल्या नावावर किती रक्कम दाखवून किती कर कापला ते सांगणारा. त्यात न मिळालेल्या दोन बिलांवरचा २१,६०० रुपयांचा टीडीएस जमा दिसत होता. कर कापण्याचा नियम असा की रक्कम देय म्हणून वहीत धरली तरी कापावा लागतो, प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत थांबता येत नाही. म्हणजे कंपनीने आपल्याच हिशोबात हे देणं लागतो असं नोंदवलं होतं. फोनवर मात्र त्यांच्या लेखापालाचं उत्तर एकच असायचं: "मॅडम, चॅनलकडून आलं की लगेच सोडतो."

तिच्यापुढे चार गोष्टी होत्या.

एक, वकिलाची नोटीस. तिच्या भावाचा यासाठी आग्रह होता. कायद्याने पैसे वसुलीला तीन वर्षांची मुदत असते, त्यामुळे घाई नव्हती. आणि निर्मितीसंस्था खरंच अडचणीत होती. मला हा मार्ग शेवटचा वाटला.

दोन, नवी मालिका. जुलैत चित्रीकरणं पुन्हा सुरू होताच एका दुसऱ्या निर्मितीसंस्थेने विचारलं. दर ३,२००, मुदत तीच नव्वद दिवसांची. तिने सांगितलं की दर मान्य आहे, पण पैसे पंचेचाळीस दिवसांत हवेत. ते नाही म्हणाले.

तीन, पूर्णवेळ नोकरीत परतणं.

चार, जुन्या कंपनीकडून कंत्राटी तांत्रिक लेखन, आठवड्यातून तीन दिवस. महिन्याला हातात ३६,०००, पाच तारखेच्या आत.

तिने मालिका नाकारली. ओळखीतल्या बऱ्याच जणांना हा अहंकार वाटला. माझं मत वेगळं होतं आणि आजही आहे. शिल्लक नसताना नव्वद दिवसांच्या उधारीवर काम घेणं म्हणजे निर्मात्याला बिनव्याजी कर्ज देणं, आणि त्यासाठी स्वतः उसने पैसे काढणं. दर कमी घेणं परवडलं असतं, वाट पाहणं परवडणारं नव्हतं. तिने चौथा पर्याय घेतला, मुंबईची जागा सोडली आणि डिपॉझिट परत घेतलं.

थकबाकी आणि परतावा

थकबाकीसाठी आम्ही एक साधं पत्र तयार केलं. सोबत भागनिहाय यादी, प्रत्येकाची प्रक्षेपणाची तारीख, दोन्ही बिलं आणि २६एएसचं पान. मागणी पैशांची नव्हती. 'आपल्या वहीनुसार एवढी रक्कम बाकी आहे, ती मान्य असल्याचं लेखी कळवावं आणि देण्याचं वेळापत्रक द्यावं' इतकंच. मुदत चालू असताना देणेकऱ्याने बाकी लेखी मान्य केली की तीन वर्षांची मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते, हा त्यामागचा हेतू. अडचणीतला माणूस पैसे द्यायला कचरतो, पण कागदावर मान्य करायला तयार होतो. आठवड्याभरात ईमेलने मान्यता आली. ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबर २०२० मध्ये ६४,८०० रुपयांच्या तीन हप्त्यांत सगळे पैसे मिळाले. व्याज तिने मागितलं नाही. हप्ते चुकले असते तर स्क्रीनरायटर्स असोसिएशनच्या तंटानिवारण समितीकडे जायचं ठरलं होतं. ती सभासद होती आणि पटकथेची तिथे नोंदणीही केलेली होती. ही नोंदणी मालकी देत नाही. अमुक तारखेला अमुक मजकूर आपल्या हाती होता एवढाच पुरावा देते, पण वादाच्या वेळी तोच लागतो. नुसत्या कल्पनेवर हक्क नसतो, ती ज्या रूपात मांडली त्यावर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केलेलं आहे. म्हणूनच तोंडी नॅरेशनला, म्हणजे कथा ऐकवायला, जाण्याआधी लिहिलेला मजकूर नोंदवावा.

टीडीएसचं काम सोपं होतं. कथा, पटकथा आणि संवादलेखन हे आयकराच्या दृष्टीने ठरवून दिलेले व्यवसाय आहेत, त्यामुळे तिला ४४एडीए हे कलम लागू झालं. मिळकतीच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरायची, खर्चाच्या पावत्या ठेवायची सक्ती नाही. ९,५६,००० चे निम्मे ४,७८,०००, त्यात आधीच्या दोन महिन्यांचा पगार. प्रमाणित वजावट आणि ८०सी (घरकर्जाचं मुद्दल, बचत वगैरेंची वजावट) धरून करपात्र उत्पन्न पाच लाखांच्या आत बसलं, आणि त्या वर्षीच्या सवलतीने कर शून्य झाला. कापलेले सगळे ९५,६०० परत आले. नोव्हेंबरमध्ये ही रक्कम खात्यात दिसली तेव्हा तिने मला फोन करून विचारलं, "हे कुणाचे पैसे आहेत?" तिचेच होते, सव्वा वर्षापूर्वीच्या रात्री जागून लिहिलेल्या भागांचे.

२०२०-२१ मध्ये तिच्याकडे एकूण ६,१४,००० रुपये आले: तांत्रिक लेखनाचे ३,२४,०००, थकबाकी १,९४,४०० आणि परतावा ९५,६००. पटकथालेखनाच्या नव्या कामाचा त्यात एक रुपयाही नव्हता. पटकथालेखकाचं एखादं वर्ष असंच असतं, आणि ते अपयशाचं वर्ष मानायचं कारण नाही.

अडकलेली पटकथा

मला सर्वांत जास्त चिंता चित्रपटाची होती. थकलेले पैसे उशिरा का होईना येतात. पटकथा एकदा कपाटात गेली की लेखकाचं दीड-दोन वर्षांचं काम त्यासोबत जातं.

निर्माता भला माणूस होता, स्वतःच्या पैशातून चित्रपट काढणारा. मराठी निर्मात्याचं गणितही अवघड असतं. दर्जेदार चित्रपटांसाठीचं राज्य सरकारचं अनुदान चित्रपट प्रदर्शित झाल्यावर मिळतं, त्यामुळे सुरुवातीचा खर्च तोच उचलतो. महाराष्ट्रातली चित्रपटगृहं नोव्हेंबर २०२० मध्ये निम्म्या क्षमतेने उघडली, २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला परत सुरू झाली. या काळात त्याच्यामागचा प्रस्तुतकर्ता निघून गेला. ती फोन करायची तेव्हा तो म्हणायचा, "अगं, पिक्चर फ्लोअरवर गेला की तुझं पहिलं चुकतं करतो." तो मनापासूनच बोलत होता. अडचण अशी की करारानुसार फ्लोअरवर जायची, म्हणजे चित्रीकरण सुरू व्हायची, काही तारीखच नव्हती.

इथे तीन वाटा होत्या. उरलेल्या तीन लाखांची मागणी करणं, पण करारानुसार ते अजून देयच नव्हते. करार एकतर्फी आहे म्हणून न्यायालयात जाणं, ज्यात वर्षं गेली असती. किंवा पैशांचा विषय बाजूला ठेवून हक्क परत मागणं. ती तिसऱ्या वाटेने गेली, आणि मला वाटतं या प्रकरणातला हा सर्वांत चांगला निर्णय. ती निर्मात्याच्या घरी जाऊन म्हणाली, "सर, मला बाकीचे पैसे नकोत. तुमच्याकडून झालं तर आनंदच आहे. नाही झालं तर मला दुसरीकडे विचारू द्या, आणि तिथून आले की तुमचे दोन लाख मी परत करीन."

निर्मात्यासाठी यात तोटा नव्हता. त्याचे बुडालेले पैसे परत येण्याची तीच एक शक्यता होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये एका पानाचा पुरवणी करार झाला: ३१ डिसेंबर २०२२ पर्यंत चित्रीकरण सुरू न झाल्यास सर्व हक्क आपोआप लेखिकेकडे, दुसरीकडे विक्री झाल्यास दोन लाख, व्याजाशिवाय, पहिल्या दोन हप्त्यांतून परत. 'आपोआप' हा शब्द मुद्दाम घातला, म्हणजे त्या वेळी पुन्हा कुणाची सही मागावी लागू नये.

परिणाम

मालिकेतल्या श्रेयामुळे २०२१ च्या मध्यात तिला एका वेब मालिकेच्या लेखकगटात बोलावणं आलं. सहा महिने, महिन्याला ७५,०००, पैसे दर महिन्याला. तिने तांत्रिक लेखन तीन दिवसांवरून दोनवर आणलं, सोडलं नाही.

चित्रपट २०२२ अखेरपर्यंत सुरू झाला नाही. हक्क परत आले. २०२३ मध्ये तीच पटकथा दुसऱ्या निर्मात्याने साडेसहा लाखांना घेतली. हप्ते असे: सहीला वीस टक्के, सुधारित ड्राफ्टला तीस; पुढचे तीस टक्के 'चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी किंवा ३१ मार्च २०२४ रोजी, जे आधी येईल तेव्हा'; शेवटचे वीस 'प्रदर्शनाला किंवा ३० सप्टेंबर २०२४ रोजी, जे आधी'. कलम १९(४) वगळणारी ओळ काढून घेतली. त्याबदल्यात तिने मानधनात पन्नास हजार सोडले, मूळ बोलणी सात लाखांची होती. जुन्या निर्मात्याचे दोन लाख दोन हप्त्यांत फेडले. म्हणजे आधीचे दोन आणि नव्यातले उरलेले साडेचार मिळून, एका पटकथेचे पाच वर्षांत साडेसहा लाख. तिच्या २०१९ च्या पगाराशी तुलना केली तर एका वर्षाच्या पगारापेक्षा कमी.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या चित्रपट कराराच्या वेळी 'किंवा अमुक तारखेला, जे आधी' एवढे शब्द मागायला हवे होते. नव्या लेखकाला मानधन वाढवून मिळत नाही, हे खरं आहे. पण तारीख मागण्याला निर्माते दर वाढवण्याइतका विरोध करत नाहीत, असा माझा अनुभव आहे. ते नाकारलं गेलं तर निदान कळतं की शेवटचे साठ टक्के पैसे नाहीत, शक्यता आहेत, आणि काम किती पैशांचं आहे हे त्यावरून ठरवता येतं. तिच्यासाठी तो करार पाच लाखांचा नव्हताच, दोन लाखांचा होता.

लघुउद्योग म्हणून नोंदणी २०१९ मध्येच करता आली असती. तेव्हा उद्योग आधार होतं, १ जुलै २०२० पासून उद्यम आलं. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास (एमएसएमईडी) कायद्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म वा लघु पुरवठादाराचे पैसे पंचेचाळीस दिवसांत द्यावे लागतात, करारात जास्त मुदत लिहिली असली तरी. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. नोंदणी कामाच्या आधीची हवी. लेखक हे हत्यार सहसा उगारणार नाहीत, संबंध जपायचे असतात. तरी बिलावर नोंदणी क्रमांक छापलेला असला की लेखा विभाग ते बिल वेगळ्या नजरेने बघतो.

आरोग्यविम्याचा मुद्दा तिने मला सांगितला, माझ्या लक्षात आला नव्हता. नोकरीसोबत गट विमा गेला, आणि नवा घेईपर्यंत टाळेबंदी लागली होती. नोकरी असतानाच स्वतःची पॉलिसी घेतली असती तर प्रतीक्षा कालावधीही (काही आजारांना संरक्षण सुरू होण्याआधीचा काळ) तेव्हापासून मोजला गेला असता.

स्वामित्वधनाबद्दल लेखक हमखास विचारतात. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीतला लेखकाचा समान वाटा असा झाला की तो लेखकाला लिहून देऊनही सोडता येत नाही. हक्क मोलाचा आहे, करारात त्याचा उल्लेख टिकवावा. घरखर्चाच्या अंदाजात मात्र मी तो शून्य धरतो.

राहता राहिली एक बाब, जी तिच्या कोणत्याच करारात नव्हती. एप्रिल ते सप्टेंबर २०२० या सहा महिन्यांत घराचा हप्ता आणि मुलीची फी नवऱ्याच्या पगारातून गेली. तो शिक्षक नसता, एकट्याच्या कमाईवर घर असतं, तर जुलैत तिला कमी दराची मालिका घ्यावीच लागली असती, आणि निर्मात्याकडे हक्क परत मागायला जाण्याइतका धीर धरता आला नसता. म्हणून माझ्याकडे नोकरी सोडण्याचा विचार करणारा लेखक येतो तेव्हा मी आधी विचारतो की घरात दुसरा पगार आहे का. नसेल, तर करारातली पहिल्या पैशांची तारीख बघतो, तिथपर्यंतचे महिने मोजतो, त्यात काम बंद पडल्यावरचे सहा महिने मिळवतो, आणि तेवढा खर्च खात्यात जमेपर्यंत राजीनामा थांबवायला सांगतो. तिच्या बाबतीत हा आकडा पाच अधिक सहा, म्हणजे अकरा महिन्यांचे ५,२८,००० रुपये होता. तिच्याकडे त्याच्या निम्म्याहून थोडे जास्त होते.